बीपी आणि मूत्राशय: एकाच वायरिंगवरची दोन बिऱ्हाडं

प्रश्न विचारणारे गृहस्थ 57 वर्षांचे आहेत. आठ वर्षांपासून बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन चालू आहे. वर्षभरापासून लघवीची घाई लागते, एकदा लागली की दोन मिनिटं धरवत नाही, रात्री तीनदा उठावं लागतं. घरच्या मशीनवर लघवी लागलेली असताना आकडा जास्त येतो, जाऊन आल्यावर उतरतो. ते विचारतात, बीपीमुळे माझ्या मूत्राशयाच्या नसा बिघडल्या, की मूत्राशयामुळे बीपी चढतंय?

घरच्या मशीनवर तुम्ही जे पाहिलंत ती मशीनची चूक नाही. मूत्राशय तट्ट भरलेलं असलं की वरचा आकडा साधारण 10 ते 15 ने चढतो. बीपी मोजण्याआधी लघवीला जाऊन या, मग पाठ टेकून, पावलं जमिनीवर ठेवून, न बोलता पाच मिनिटं बसा, हा नियम त्यासाठीच आहे. सांगतात सगळे, पाळतात थोडे. आणि यात आम्ही युरोलॉजीवाले सगळ्यात मोठे गुन्हेगार. सोनोग्राफीसाठी पेशंटला आम्हीच सांगतो की भरपूर पाणी प्या आणि लघवी धरून बसा. मग तो पायाला पाय आवळून बाकावर बसलेला असताना सिस्टर येऊन त्याच्या दंडाला पट्टा बांधते. एका गृहस्थांचं असंच 168/96 आलं. ‘बीपीची गोळी वाढवण्यासाठी फिजिशियनकडे’ असं मी फाइलवर लिहूनही टाकलं होतं. सोनोग्राफी झाली, ते बाथरूमला जाऊन आले, थोडा वेळ बसले, आणि मशीन टेबलावर पडलेलंच होतं म्हणून पुन्हा मोजलं. 144/86. लिहिलेली ओळ खोडली. 144 म्हणजे काही आदर्श नव्हे, पण 168 वर विश्वास ठेवून वाढवलेल्या गोळीने ते घरी जाऊन चक्कर येऊन पडलेही असते.

हे का होतं ते कळलं तर तुमच्या प्रश्नाचा निम्मा गुंता सुटतो, म्हणून जरा वायरिंग समजून घेऊ.

मूत्रपिंडं मिनिटाला एक-दोन मिलिलिटर लघवी खाली सोडत असतात. मूत्राशय भरत जातं, पण निरोगी माणसात आतला दाब बराच वेळ फारसा वाढत नाही. भिंतीच्या लवचिकपणाचा यात वाटा आहेच, पण नसांचाही आहे. पाठीच्या कण्यात टी-11 ते एल-2 या पट्ट्यातून, म्हणजे छातीच्या खालच्या आणि कंबरेच्या वरच्या मणक्यांपाशी, सिंपथेटिक नसा (शरीराला सावध करणाऱ्या) निघतात आणि मूत्राशयापाशी नॉरअ‍ॅड्रिनॅलिन सोडतात. गंमत अशी की या एकाच रसायनाचे दोन ठिकाणी दोन अर्थ लागतात. मूत्राशयाच्या भिंतीत बीटा-3 रिसेप्टर, म्हणजे रसायनाचा निरोप टिपणारे पेशींवरचे खटके, असतात, त्यांना त्याचा अर्थ ‘सैल पड’ असा कळतो. मूत्राशयाच्या तोंडाशी अल्फा-1 असतात, त्यांना ‘आवळून धर’ असा. दोन्ही मिळून साठवणूक नीट होते.

पण अल्फा-1 रिसेप्टर फक्त मूत्राशयाच्या तोंडाशी नसतात. शरीरभरच्या लहान धमन्यांच्या भिंतीतही तेच असतात, आणि तिथेही त्यांना ‘आवळून धर’ हाच अर्थ कळतो. धमन्या आवळल्या की बीपी चढतं. मूत्राशय भरत जातं तसा त्याच्या ताणाचा निरोप मज्जारज्जूत आणि मेंदूत पोचतो, आणि त्याला उत्तर म्हणून सिंपथेटिक यंत्रणेचा एकूणच आवाज वाढतो. माणसाच्या पायातल्या संदेश वाहणाऱ्या नसेत (रक्तवाहिनीत नव्हे) केसासारखी बारीक सुई घालून हे प्रत्यक्ष मोजलेलं आहे, 1989 मध्येच. मूत्राशय भरत गेलं तशी रक्तवाहिन्यांकडे जाणाऱ्या सिंपथेटिक संदेशांची संख्या वाढत गेली आणि सोबत बीपीही. पायाच्या रक्तवाहिन्यांचा लघवीशी काय संबंध? काहीच नाही. मुख्य स्विच सामाईक आहे, एवढंच.

लघवी करताना सगळं उलटं होतं. मेंदूच्या देठात पॉन्स नावाचा भाग आहे, तिथल्या एका लहानशा केंद्राला लघवीचं केंद्र म्हणतात. बॅरिंग्टन या संशोधकांनी 1925 मध्ये मांजरांवर प्रयोग करून ते दाखवलं. त्याने हुकूम सोडला की सॅक्रल भागातून, म्हणजे कण्याच्या तळाशी एस-2 ते एस-4 मधून, पॅरासिंपथेटिक नसा (सिंपथेटिकच्या उलट काम करणाऱ्या) चालू होतात, अ‍ॅसिटिलकोलिन सुटतं, एम-3 रिसेप्टरमार्फत मूत्राशयाचा स्नायू आकुंचन पावतो. त्याच क्षणी सिंपथेटिक आवाज खाली येतो आणि बाहेरची झडप सैल पडते. धमन्याही सैल पडतात. लघवी होताच ‘हुश्श’ वाटतं, त्यात हा भागही असतो. रात्री गाढ झोपेतून ताडकन उठून, उभं राहून लघवी करताना काही जणांना भोवळ येते ती यातूनच: आधीच अंथरुणातून उठल्याने बीपी घसरलेलं, त्यात मूत्राशय रिकामं होताना आणखी घसरतं. बीपीच्या गोळ्या घेणाऱ्या वयस्क पुरुषांना मी म्हणूनच सांगतो, रात्री बसून लघवी करा. यात पुरुषार्थ कमी होत नाही, कंबरेचं हाड मात्र शाबूत राहतं.

हा सामाईक स्विच किती जोरदार आहे ते बघायचं असेल तर मणक्याला इजा झालेले पेशंट बघावे लागतात. टी-6 च्या, म्हणजे छातीच्या मध्यावरच्या मणक्याच्या, किंवा त्याच्या वरच्या पातळीला मज्जारज्जू तुटला असेल तर मूत्राशयाचा निरोप खालच्या मज्जारज्जूत पोचतो, तिथून सिंपथेटिक उसळी येते, पोटातल्या आणि पायातल्या धमन्या आवळल्या जातात. पण ‘बस कर’ हा मेंदूचा हुकूम तुटलेल्या जागेच्या खाली उतरत नाही. मेंदू आपल्या हातात आहे तेवढं करतो: नाडी मंदावते, चेहरा लाल होतो, कपाळावर घाम फुटतो, डोकं फुटेल असं दुखतं, आणि बीपी चढतच राहतं. अशाच एका तरुणाला मध्यरात्री आणलं होतं. एरवी त्याचं बीपी 100 च्या आसपास, तेव्हा 210. ड्यूटीवरचा डॉक्टर इंजेक्शन भरत होता. मावशींनी चादर सरकवली तर कॅथेटरची नळी मांडीखाली दुमडून चपटी झालेली, आणि खालच्या पिशवीत थेंब नाही. नळी सरळ केली, सातशे मिलिलिटर लघवी आली, आणि काही मिनिटांत बीपी 120 वर. अशा पेशंटच्या घरच्यांनी हे पाठ करून ठेवायला हवं: आधी उठवून बसवा, कपडे सैल करा, मग नळी बघा, मूत्राशय रिकामं करा. मूत्राशयात लघवी तुंबलेली नसेल तर पोट साफ झालंय का ते बघा. तरीही वरचा आकडा 150 च्या वर राहिला तर लगेच परिणाम करणारं औषध लागतं, आणि ते दवाखान्यात.

तुमचं तसं काही नाही. तुमचा ब्रेक शाबूत आहे, म्हणून आकडा दहा-पंधराने हलतो आणि परत येतो. तेव्हा तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या अर्ध्या भागाचं उत्तर असं: भरलेलं मूत्राशय त्या वेळेपुरतं बीपी चढवतं, पण आठ वर्षांचं बीपी त्याने दिलेलं नाही. याला एक अपवाद आहे, तो पुढे सांगतो.

आता उलटी दिशा. बीपीमुळे मूत्राशयाच्या नसा बिघडतात का?

या विषयातला सगळ्यात रंजक पुरावा उंदरांचा आहे. 1963 मध्ये जपानमधल्या क्योटोत ओकामोतो आणि आओकी या संशोधकांनी उंदरांचा एक वाण तयार केल्याचं प्रसिद्ध केलं. त्यांना काहीही न करता, वयात येता येता बीपी चढतं. जगभर बीपीच्या औषधांच्या चाचण्या या वाणावर झाल्या. बऱ्याच वर्षांनी मूत्राशयावर काम करणाऱ्यांच्या लक्षात आलं की हे उंदीर थोडी थोडी लघवी वारंवार करतात. त्यांच्या मूत्राशयात बघितलं तर सिंपथेटिक नसांचं जाळं नेहमीपेक्षा दाट, आणि मूत्राशयातून निरोप नेणाऱ्या चेतापेशी आकाराने मोठ्या. नसा अशा माजण्याचं कारण म्हणजे एनजीएफ, नसांची वाढ करणारं प्रथिन. याच्याच शोधासाठी रिटा लेवी-मोंटाल्चिनी आणि स्टॅनली कोहेन यांना 1986 चं नोबेल मिळालं. या उंदरांच्या मूत्राशयाचे स्नायू एनजीएफ जास्त बनवतात, आणि त्यांच्या रक्तवाहिन्यांचे स्नायूही तेच करतात. नसांना खतपाणी जास्त झालं की रक्तवाहिनी अधिक आवळते आणि मूत्राशय अधिक चिडतं.

यातली महत्त्वाची गोष्ट बारीक आहे, ती निसटू देऊ नका. या उंदरांच्या मूत्राशयातल्या स्नायूपेशी काढून काचेच्या बशीत वाढवल्या तरी त्या एनजीएफ जास्तच सोडतात. बशीत ना रक्त, ना बीपी. म्हणजे चढलेल्या दाबाने मूत्राशय बिघडवलं असं सरळ म्हणता येत नाही; दोन्हींच्या मुळाशी एकच खोड असू शकते. मला हे पटतं, कारण माझ्यासमोर येणाऱ्या पेशंटांत बीपी, वाढलेलं पोट, साखर, घोरणं आणि लघवीची घाई ही मंडळी बहुधा एकत्रच नांदतात, आणि सतत चढा राहणारा सिंपथेटिक आवाज या सगळ्यांत असतो. पण उंदरांवरून माणसांवर उडी मारताना पाय जपून टाकावा. घाई लागणाऱ्या माणसांच्या लघवीत एनजीएफ वाढलेलं आढळलं आहे. तरी लघवीतलं एनजीएफ तपासून कुणाचं निदान करावं इतका तो आकडा भरवशाचा ठरलेला नाही. कुणी अशी तपासणी सुचवली तर पैसे वाचवा.

घाई म्हणजे नेमकं काय बिघडतं तेही सांगतो. मूत्राशयाचं आतलं अस्तर हे नुसतं जलरोधक कापड नाही. ताण बसला की ते एटीपी नावाचं रसायन सोडतं, आणि शेजारच्या संवेदनावाहक नसांवरचे पी-2-एक्स-3 रिसेप्टर ते टिपतात. रोजचा ‘भरत आलंय’ हा निरोप ए-डेल्टा नावाचे चेतातंतू नेतात. दुसरे सी तंतू असतात, ते एरवी जवळजवळ झोपलेले. जळजळ, इजा, थंडी असं काही झालं तरच बोलतात. मूत्राशय आजारी झालं की हे झोपलेले तंतू जागे होतात आणि निम्म्या भरलेल्या मूत्राशयावरही ‘आत्ताच्या आत्ता’ असा धोशा लावतात. म्हणून तुम्हाला दोन मिनिटं धरवत नाही, आणि गेल्यावर लघवी मात्र कपभरच होते.

दुसरा रस्ता रक्तपुरवठ्याचा. वर्षानुवर्षं बीपी राहिलं की बारीक धमन्या जाड होतात, आणि मूत्राशयालाही बारीक धमन्याच रक्त पुरवतात. रक्त कमी पडलं की आधी त्रास होतो नसांना. वर सांगितलेल्या उंदरांत मूत्राशयाचा रक्तपुरवठा कमी असतो आणि अल्फा ब्लॉकर, म्हणजे अल्फा रिसेप्टर अडवणारं औषध, दिल्यावर तो सुधारतो. माणसात हे किती टक्के लागू आहे असा आकडा सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही.

तिसरा रस्ता मेंदूचा, आणि माझ्या मते माणसांत हाच सगळ्यात दुर्लक्षित आहे. मूत्राशय भरल्याचा निरोप मध्यमेंदूत पोचतो. तिथून पॉन्सला ‘सोड’ म्हणायचं की थांबवायचं हे कपाळामागचा मेंदू ठरवतो. चारचौघांत, प्रवासात, झोपेत आपण लघवी धरतो ती या भागाच्या जोरावर. बीपीचा मार मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांवर बसतो आणि एमआरआयवर मेंदूच्या पांढऱ्या भागात ठिपके दिसू लागतात. कपाळामागून खाली जाणाऱ्या वायरी याच पांढऱ्या भागातून जातात. वायरी झिजल्या की ‘थांब’ हा हुकूम अडखळतो. मूत्राशय ठणठणीत, पण धरवत नाही. साठी-सत्तरीतल्या पेशंटला घाई, थोडी हळू झालेली चाल आणि विसरभोळेपणा एकदम सुरू झाला असेल तर मी मूत्राशयाची दुर्बीण बाजूला ठेवून आधी बीपीच्या वह्या मागतो. 57 व्या वर्षी, चाल आणि बुद्धी ठीक असताना तुमच्या बाबतीत हे पहिलं कारण नसावं. बीपी नीट ताब्यात ठेवायचं ते हा रस्ता तुमच्यापर्यंत पोचू नये म्हणून.

आता रात्रीचं तीनदा उठणं. लोक याला मूत्राशयाचा दोष मानतात. अनेकदा मूत्राशय बिचारं निर्दोष असतं, मूत्रपिंडच रात्रपाळी करत असतं. झोपेत बीपी साधारण 10 ते 20 टक्के उतरायला हवं. बीपीच्या अनेक पेशंटांत ते उतरत नाही. दिवसभरात खाल्लेलं मीठ मूत्रपिंडाला दिवसा बाहेर टाकता आलं नाही तर ते रात्री चढ्या दाबाच्या जोरावर टाकतं, आणि मिठामागून पाणी जातंच. जपानमधल्या नागासाकी विद्यापीठातल्या संशोधकांनी 2017 मध्ये लंडनच्या परिषदेत याचे आकडे मांडले होते. मीठ जास्त खाणाऱ्या आणि झोपेच्या तक्रारी असलेल्या लोकांना मीठ कमी करायला मदत केली. 223 जणांनी ते रोज 10.7 ग्रॅमवरून 8 ग्रॅमवर आणलं, आणि त्यांचं रात्रीचं उठणं सरासरी 2.3 वेळांवरून 1.4 वर आलं. ज्या 98 जणांचं मीठ उलट वाढलं त्यांचं उठणं 2.3 वरून 2.7 झालं. लघवीच्या कित्येक गोळ्यांना एवढी मजल मारता येत नाही.

त्यात तुमची अ‍ॅम्लोडिपिन. चांगली गोळी आहे, मी तिच्या विरोधात नाही. पण तिने अनेकांच्या घोट्यांना सूज येते. दिवसभर पायात साठलेलं ते पाणी आडवं झाल्यावर रक्तात परत येतं आणि रात्री लघवीवाटे बाहेर पडतं. संध्याकाळी मोजे काढल्यावर घोट्यावर इलॅस्टिकचा खळगा उमटलेला दिसतो का, नडगीवर अंगठा दहा सेकंद दाबला तर खड्डा राहतो का, बघा. राहत असेल तर संध्याकाळी तासभर पाय उशीवर उंच ठेवून पडा. ते पाणी झोपायच्या आधीच लघवीवाटे निघून जाईल. गोळी बदलायची का, हे तुमच्या फिजिशियनशी बोलून ठरवा. लघवीच्या त्रासापायी बीपीची गोळी परस्पर बंद करणारे पेशंट मी पाहिले आहेत, आणि त्यातले एक पुढच्या वेळी व्हीलचेअरवर आले.

गोळ्यांचा विषय निघालाच आहे तर थोडं पुढे जातो, कारण सामाईक वायरिंगचा सगळ्यात रोकडा पुरावा औषधांतच मिळतो. सर्दीच्या गोळीतलं स्युडोएफेड्रिन नाकातल्या रक्तवाहिन्यांचे अल्फा रिसेप्टर चेतवतं, नाक मोकळं होतं. पण तेच धमन्यांत जाऊन बीपी चढवतं आणि मूत्राशयाचं तोंड आवळून प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी अडवतं. एक गोळी, तीन ठिकाणी एकच काम. बरोबर उलटं काम अल्फा ब्लॉकर करतात. प्राझोसिन, डॉक्साझोसिन मूळची बीपीची औषधं. त्यांनी लघवी मोकळी होते हे कळल्यावर ती प्रोस्टेटकडे आली. त्यांनी बाईमाणसांत मात्र खोकताना-शिंकताना लघवी गळू शकते, तोंड सैल पडल्यामुळे. केवळ बीपीसाठी पहिली पसंती म्हणून ती आता दिली जात नाहीत. ऑलहॅट नावाच्या मोठ्या अमेरिकी चाचणीत डॉक्साझोसिनच्या गटात हार्ट फेल्युअर जास्त दिसल्याने तो गट 2000 मध्ये बंद करावा लागला. एनालॅप्रिलसारख्या बीपीच्या गोळ्यांचा मूत्राशयाशी थेट संबंध नाही, पण त्यांच्या कोरड्या खोकल्याने गळती सुरू होते आणि पेशंट माझ्याकडे येतो. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांचं तर नावच तसं आहे. तिथे बघायची ती वेळ. फ्युरोसेमाइडचा जोर साधारण सहा तास टिकतो. संध्याकाळी घेतली तर रात्र बाथरूममध्येच जाते.

आणि घाईवरच्या गोळ्या बीपीवर काय करतात? मिराबेग्रॉन मूत्राशयाचे बीटा-3 रिसेप्टर चेतवून त्याला सैल करतं. जपानमध्ये 2011 ला, अमेरिकेत 2012 ला आलं. तोंड कोरडं पडत नाही म्हणून पेशंटांना आवडतं, पण त्याने बीपी चढू शकतं. 180/110 किंवा त्याच्या वर असताना ते देऊच नये, आणि इतरांनाही सुरू करण्याआधी आणि नंतर बीपी मोजत राहावं. त्याच जातीचं नंतर आलेलं व्हायबेग्रॉन बीपीला फारसा धक्का लावत नाही. सोलिफेनासिन, टोल्टेरोडिन, ऑक्सिब्युटिनिन ही जुनी मंडळी अ‍ॅसिटिलकोलिनला अडवतात. बीपीचा प्रश्न कमी, पण तोंड कोरडं, पोट अडून राहणं, आणि वयस्कांत स्मरणशक्तीवर सावली. तुम्हाला यातलं काही लागेलच असं मी अजून म्हणणार नाही.

कारण पुरुषाला कुठलीही घाईची गोळी लिहिण्याआधी मी एक गोष्ट बघतोच: लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती उरते. वर म्हटलेला अपवाद इथे आहे.

सत्तरीचे एक आजोबा आले होते. बीपीच्या तीन गोळ्या, तरी 170 च्या खाली येत नव्हतं. लघवीची तक्रार विचारली तर म्हणाले, काही नाही. मुलगा बाहेर गेल्यावर हळूच म्हणाले, रात्री अंथरूण ओलं होतं. पोटावर हात ठेवला तर बेंबीपर्यंत गोळा. दुखत अजिबात नव्हतं. कॅथेटर घातल्यावर चौदाशे मिलिलिटर लघवी आली. प्रोस्टेटने वाट अडवलेली, मूत्राशयातला दाब कायमचा वाढलेला, तो उलटा चढून दोन्ही मूत्रपिंडं फुगलेली आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) वाढलेलं. इतका ताण सहन करून करून मूत्राशयाच्या नसांनी ओरडणंच सोडून दिलेलं. पहिले दोन दिवस त्यांना वॉर्डात ठेवून दर तासाची लघवी मोजली, कारण अडवलेलं पाणी मोकळं झालं की मूत्रपिंडं भरमसाट लघवी सोडतात आणि क्षार घसरतात. आठवड्याभराने बीपीची एक गोळी बंद करावी लागली, महिन्याने दुसरी. इथे मूत्राशयानेच बीपी चढवलं होतं, तेही मूत्रपिंडांच्या मार्गाने. आणि कुणी त्यांना ‘घाई’ समजून सोलिफेनासिन दिलं असतं तर मूत्राशयाचा उरलासुरला जोरही कमी होऊन काय झालं असतं ते सांगायला नको.

दुसरा एक अपवाद फार दुर्मीळ आहे, पण विषय नसांचाच आहे म्हणून सांगून ठेवतो. मूत्राशयाच्या भिंतीत क्वचित पॅरागँग्लिओमा नावाची गाठ होते, ती स्वतःच नॉरअ‍ॅड्रिनॅलिन बनवते. लघवी करताना ती दाबली जाते आणि दर वेळी लघवीच्या वेळीच धडधड, डोकेदुखी, घाम आणि चढलेलं बीपी. तुमचं बीपी लघवीनंतर उतरतं, म्हणजे तुमचं बरोबर उलटं आहे. ज्याचं लघवी करताना चढतं त्याने ते डॉक्टरांना आवर्जून सांगावं. न सांगता दुर्बिणीने ती गाठ कापायला घेतली तर टेबलावर बीपी आकाशाला भिडतं.

तर तुमच्यापुरतं बोलू. तीन दिवस एक वही करा. मोजमापाचा प्लास्टिकचा कप बाथरूममध्ये ठेवा आणि दर वेळची लघवी वेळेसकट मिलिलिटरमध्ये लिहा. झोपल्यानंतरची सगळी आणि सकाळी उठल्याबरोबरची पहिली, ही रात्रीची धरायची. ती चोवीस तासांच्या एकूण लघवीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भरली तर दोष रात्रपाळीचा आहे: मीठ, पायाची सूज, गोळ्यांच्या वेळा, आणि घोरत असाल तर झोपेत श्वास अडकणं तपासायला हवं. श्वास अडकला की हृदयावर ताण येऊन ते लघवी वाढवणारं संप्रेरक सोडतं, हे बीपीवाल्या घोरणाऱ्यांत सर्रास सापडतं. रात्रीची एकूण लघवी बेताचीच आणि दर वेळी शंभर-दीडशेच होत असेल तर मात्र मूत्राशय किंवा प्रोस्टेट. मग लघवीची साधी तपासणी, साखर, क्रिएटिनिन, आणि सोनोग्राफीत लघवीनंतर उरलेलं प्रमाण, एवढ्याने पुढचा रस्ता दिसतो. लघवीत रक्त दिसलं, किंवा पायात बधिरपणा आणि लघवी-शौचावरचा ताबा एकदम गेला, तर वहीबिही सोडून त्याच दिवशी दवाखाना गाठा.

माझा अंदाज विचाराल तर तुमच्याकडे दोन गोष्टी मिसळल्या आहेत: रात्रीच्या उठण्यामागे अ‍ॅम्लोडिपिन आणि मीठ, दिवसाच्या घाईमागे प्रोस्टेट. वही मला खोटं पाडू शकते. पाडलं तर बरंच. चहा-कॉफी संध्याकाळनंतर बंद करून बघा, पाणी मात्र कमी करू नका; गडद लघवी त्या सी तंतूंना आणखी डिवचते. आणि वहीत बीपीचे आकडे लिहाल तेव्हा प्रत्येकाशेजारी ‘लघवीआधी’ की ‘लघवीनंतर’ एवढं लिहायला विसरू नका. तुमच्या फिजिशियनसमोर दोन्ही रकाने असू देत. गोळी वाढवायची की नाही ते त्यांनी दुसऱ्या रकान्यावरून ठरवावं.